सशांची पिढी लहान होत चाललीय? वजन आणि बांधा परत आणण्यासाठी काय करायचं

चोपड्याचा पाळणारा असो, पारोळ्याचा असो की शहाद्याचा, ससे घेऊन दोन-तीन वर्षं झाली की तक्रार एकच येते. आणलेली जनावरं चार-सव्वाचार किलोची होती, त्यांची पिल्लं साडेतीनवर थांबली आणि आता नातवंडं तीन किलोही गाठत नाहीत. खाद्य तेच, पिंजरे तेच, तरी ससा दर पिढीला आखडत चाललाय. पाठ चपटी झालीय, खांदे अरुंद झालेत, पाठीवरून हात फिरवला की कंबरेची हाडं टोचतात.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. कुठून तरी भला मोठा नर आणतात. एक वेत झकास निघतं, पुढच्या पिढीत पुन्हा जैसे थे. मग दुसरा नर, मग तिसरा. पैसे जात राहतात आणि ससा काही सुधारत नाही. माझं ठाम मत असं आहे की आपल्या खान्देशात सशाचा आकार घटतो तो मुख्यतः दोन कारणांनी. उन्हाळ्यात वाढलेलं पिल्लू आपण पैदाशीला ठेवतो, आणि कळपातलं सगळ्यात चांगलं पिल्लू आपण सगळ्यात आधी विकतो. नर बदलून यातलं एकही कारण जात नाही.

खालचं सगळं न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या मांसाच्या जाती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण आपल्याकडे बहुतेकांकडे याच आहेत. व्हाइट जायंट आणि ग्रे जायंट पाळणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. फक्त जायंट उशिरा भरतो, त्यामुळे त्याला या वयाच्या फूटपट्ट्या लावू नका.

आधी दोष कशात आहे ते ओळखा

लहान राहिलेला ससा रक्ताने लहान आहे की पोटाने, हे नुसतं बघून कळत नाही. वजन घ्यावं लागतं, आणि ते ठरावीक वयालाच. जन्मानंतर २१ व्या दिवशी पूर्ण वेताचं एकत्र, दूध तोडताना एकेकाचं, मग आठव्या आणि बाराव्या आठवड्याला. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक प्लास्टिकची टोपली एवढ्यावर काम भागतं. वही मात्र पाहिजे. डोक्यात ठेवलेली वजनं दोन महिन्यांत बदलतात, आणि लाडक्या मादीच्या पिल्लांची हमखास वाढतात.

चार-सहा वेतांची वजनं समोर मांडली की चित्र स्पष्ट होतं.

२१ व्या दिवशीच सगळं वेत हलकं असेल तर दोष दुधाचा आहे. पिल्लू साधारण तीन आठवड्यांपर्यंत जवळपास आईच्या दुधावरच जगतं आणि मादीचं दूध त्याच सुमारास सर्वांत जास्त असतं. त्या वयाचं वजन म्हणजे आईची परीक्षा, पिल्लाची नव्हे. अशा वेळी मादीचा खुराक, तिला मिळणारं पाणी आणि वेतातली पिल्लांची संख्या बघा.

२१ व्या दिवशी वजन ठीक होतं, दूध तोडल्यावर मागे पडलं आणि तेही वेतातल्या दोघा-तिघांचंच, तर तो आजार समजा. पोट फुगलेलं, पाठीचा कणा वर आलेला, शेपटीखाली घाण लागलेली असेल तर कॉक्सिडिओसिसची, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींच्या आजाराची शंका घ्या आणि लेंड्या पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. पावसाळ्यात ओलं गवत आणि ओल्या लेंड्यांनी हा आजार घरात ठाण मांडतो. यातून वाचलेलं पिल्लू चांगल्या रक्ताचं असलं तरी बऱ्याचदा खुरटं राहतं. त्याला पैदाशीला ठेवू नका, पण त्याच्या आई-बापाला दोषही देऊ नका.

सगळी पिल्लं सारखीच हलकी, पण तब्येतीने टुणटुणीत, आणि हे फक्त मार्च ते जुलैमधल्या वेतांत दिसतंय? मग ऊन. हिवाळ्यातली वेतंही तशीच हलकी निघत असतील आणि खाद्यात खोट नसेल, तरच रक्ताकडे बोट दाखवा.

बाराव्या आठवड्याला काय वजन यावं? आपल्याकडच्या हवेत, चांगल्या खुराकावर, हिवाळ्यातल्या वेताचं न्यूझीलंड व्हाइट पिल्लू दोन किलोच्या आसपास यायला हवं. पावणेदोन असेल तर सुधारायला जागा आहे. दीडच्या खाली असेल तर आधी खाद्य आणि आजार बघा, जात नंतर.

खान्देशचं ऊन वजावटीत धरा

सशाला १५ ते २५ अंश तापमान मानवतं. तिशीच्या वर गेलं की तो खाणं कमी करतो, कारण त्याला घाम येत नाही आणि अंगातली उष्णता तो कानांवाटे आणि धापा टाकून बाहेर काढतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. त्या दिवसांत पोटात असलेलं पिल्लू हलकं जन्मतं, आईला दूध कमी येतं आणि दूध तुटल्यावर ते स्वतःही पोटभर खात नाही. अशा पिल्लाचं बाराव्या आठवड्याचं वजन त्याच्या रक्ताबद्दल काहीही सांगत नाही.

नराचं तर आणखी वाईट होतं. ३२-३५ अंशांच्या वर बरेच दिवस गेले की त्याचं वीर्य बिघडतं. नवीन वीर्य तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, म्हणजे जूनमध्ये पाऊस पडला तरी नर पुरता सावरायला ऑगस्ट उजाडतो. जुलैमध्ये मादी राहत नाही म्हणून नर बदलणारे कितीतरी जण भेटतात. तो नर वाईट नसतो, उन्हातून उठलेला असतो.

म्हणून पैदाशीचं वेळापत्रक उन्हाला धरून लावा. विक्रीसाठीची वेतं तुम्ही सोयीने घ्या, पण ज्या वेतांतून पुढचे नर-माद्या निवडायच्या ती वेतं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मली पाहिजेत. सशाचा गाभणकाळ सरासरी ३१ दिवसांचा असतो. दसऱ्याच्या आगेमागे माद्या फळवल्या की दिवाळीनंतर वेत येतं, आणि झळा सुरू व्हायच्या आत पिल्लू बारा आठवड्यांचं होऊन त्याची परीक्षा संपलेली असते. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृग लागेपर्यंत तर मी मादी नराला दाखवतच नाही. त्या महिन्यात जनावर जगवणं हेच काम.

हिवाळ्यातही एक गोष्ट सांभाळा. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली येतो आणि नुकतं जन्मलेलं पिल्लू उघडं असतं. पेटीत कोरडा, मऊ चारा भरपूर ठेवा. मादी त्यात आपले केस उपटून घालते ते काढू नका.

शेडबद्दल थोडक्यात. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब बाजूंनी आत शिरत नाही. नुसता पत्रा म्हणजे भट्टी. त्यावर चुना मारा आणि कडबा किंवा उसाचं पाचट पसरा, रावेर-यावलकडे केळीची पानं आयती मिळतात. पश्चिमेला ओलं बारदान लावलं की एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगला गारवा येतो. जुलैच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही, उलट ओल वाढते. गोठवलेल्या पाण्याची बाटली पिंजऱ्यात आडवी ठेवली की ससा तिला चिकटून बसतो. खुराक उन्हाळ्यात रात्री आणि पहाटे टाका.

खुराक : भेसळ काढा, मग मोजा

कपाशीचा मुलूख असल्याने सरकीची ढेप आपल्याकडे प्रत्येक गोठ्यात असते, आणि गाई-म्हशींना चालते म्हणून सशालाही टाकली जाते. टाकू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात त्याचा जोर मोडतो, सशाच्या पोटात तसं होत नाही. वाढ खुंटते, आणि नराच्या वीर्यावरही परिणाम होतो. वजन का वाढत नाही म्हणून हैराण झालेल्या माणसाकडे गेलो की पहिला प्रश्न मी ढेपेचा विचारतो.

कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं, ती कोंबात असताना सशाला घालू नये. दादर ज्वारीचा वाळलेला कडबा मात्र उत्तम, दातांना काम मिळतं आणि पोटाला चोथा. सुबाबळीचा पाला थोडाच, जास्त झाला तर केस गळतात. तणनाशक मारलेल्या बांधावरचं गवत आणि फवारणीच्या रानातला पाला आणूच नका, मग कितीही हिरवागार दिसो.

वाढत्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला खुराकात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात, आणि चोथा बारा टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. तयार गोळी खाद्य मिळत असेल तर पोत्यावरचा आकडा वाचून घ्या. घरी करायचं असेल तर १०० किलोला मका भरडा ३०, गव्हाचा कोंडा ३५, सोयाबीन पेंड १५, तूर चुनी १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो हे प्रमाण बसतं. प्रथिनं सतराच्या आसपास येतात. भुकटी नाकात जाऊन ससे शिंकतात, म्हणून देताना पाण्याचा हबका मारून भुरभुरीत करा, आणि उरलेलं त्याच दिवशी काढा. मका ओला किंवा बुरशी आलेला असेल तर त्यावर पैसे वाचवू नका. सोबत लसूणघास किंवा दशरथ घास, तोही तीन-चार तास सुकवून.

निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की जी पिल्लं पैदाशीला ठेवायची शक्यता आहे, त्यांना बारा आठवड्यांपर्यंत पोटभर खाऊ द्या. मोजूनमापून अर्धपोटी ठेवलं तर वाढणारं आणि न वाढणारं सारखंच दिसतं. मोठ्या नराला मात्र उलट करा. १०० ते १२५ ग्रॅम खुराक आणि बाकी चारा, नाहीतर चरबी चढते आणि चरबी बांध्याचे दोष झाकते.

रक्त घटतं ते कसं

आता मूळ दुखणं. व्यापाऱ्याची गाडी येते. त्याला दोन किलोचा माल हवा असतो. जी पिल्लं दहाव्या-अकराव्या आठवड्यातच त्या वजनाला आली ती आधी भरली जातात. मागे राहतात ती उशिरा वाढणारी. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. वर्षाअखेरीस मादी कमी पडली म्हणून आपण पिंजऱ्यात उरलेल्यांतून एक निवडतो. म्हणजे दर पिढीला आपण स्वतःच्या हाताने लहान सशांची निवड करत असतो, आणि हे काम इतकं चोख होतं की तीन-चार पिढ्यांत जात ओळखू येत नाही.

यावर उपाय एकच. गाडी यायच्या आधी निवड. आठव्या आठवड्याच्या वजनावर आणि हाताच्या पारखीवर प्रत्येक चांगल्या वेतातली दोन पिल्लं बाजूला काढायची, कानात गोंदण करायचं, आणि त्या पिंजऱ्यांना व्यापाऱ्याने कितीही भाव दिला तरी हात लावू द्यायचा नाही. घरात पैशांची नड असते तेव्हा हे कठीण जातं, ते मला माहीत आहे. पण ती दोन पिल्लं पुढच्या वर्षीचा सगळा माल ठरवतात.

निवडताना वेतावेतांची तुलना करू नका, वेताच्या आतली करा. बाराव्या आठवड्याला चार पिल्लांच्या वेतातलं १.९ किलोचं पिल्लू आणि नऊ पिल्लांच्या वेतातलं १.७५ किलोचं पिल्लू समोर असेल, तर मी दुसरं ठेवतो. पहिल्याला दूध बरंच जास्त मिळालंय. दुसऱ्याने भावंडांच्या गर्दीत हे वजन कमावलंय आणि त्याची आई नऊ पिल्लं वाढवणारी आहे. शक्य असेल तर एकाच वेळी व्यालेल्या माद्यांची पिल्लं पहिल्या दोन-तीन दिवसांत सात-सात अशी वाटून द्या. मग तुलना सरळ होते. दत्तक दिलेल्या पिल्लांना खूण करायला विसरू नका, नाहीतर कोण कुणाचं हेच कळणार नाही.

किती फरक पडेल? समजा कळपाच्या सरासरीपेक्षा ४०० ग्रॅमने जास्त वजनाचे आई-बाप निवडले. वाढीचा गुण रक्तातून साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाने उतरतो, म्हणजे पुढच्या पिढीची सरासरी १०० ते १३० ग्रॅमने वर येईल. कमी वाटतं, पण दर हिवाळ्याला एक पिढी धरली तर तीन-चार वर्षांत गेलेलं वजन परत येतं, आणि ते टिकतं. बाहेरून आणलेल्या नराने एका वेतात दिलेली उडी टिकत नाही.

दुसरं दुखणं नात्यातल्या मीलनाचं. आपल्याकडे सात माद्या आणि तीन नर असं युनिट विकलं जातं. ही दहा जनावरं एकमेकांच्या नात्यात नसतील आणि कळप बंद ठेवला, तरी दर पिढीला रक्तसंबंध सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. बऱ्याचदा ती दोन-तीन वेतांतलीच भावंडं असतात, मग सुरुवातच वाईट. पुढे दोन नर मरतात आणि एका नरावर दहा माद्या चालवल्या जातात, तेव्हा हा वेग दर पिढीला चौदा टक्क्यांच्या जवळ जातो. सख्ख्या बहीण-भावाच्या पिल्लांत रक्तसंबंध पंचवीस टक्के असतो. रक्तसंबंध वाढला की पिल्लं कमी होतात, हलकी होतात, मरतुक वाढते.

तीन-चार नर ठेवणं छोट्या माणसाला परवडत नाही हे खरं. त्यासाठी जवळच्या गावांतल्या तिघांनी मिळून ठरवावं. तिघांची तीन घराणी. पहिल्याचे नर दुसऱ्याच्या माद्यांना, दुसऱ्याचे तिसऱ्याला, तिसऱ्याचे पहिल्याला. मादी आपल्याच घरात जन्मलेली ठेवायची, नर कायम शेजारच्या घराण्यातून घ्यायचा, दिशा बदलायची नाही. एवढा नियम पाळला तर कित्येक वर्षं बाहेरून काही आणावं लागत नाही. फक्त तिघांच्याही वह्या खऱ्या असल्या पाहिजेत, आणि नाकाचा आजार किंवा कानातली खरूज असलेलं जनावर कुणी शेजाऱ्याकडे पाठवता कामा नये.

सातपुड्याच्या पायथ्याला एक समज फार ऐकू येतो की रानसशाशी संकर केला की पिल्लं काटक होतात. तसा संकर होत नाही. आपल्या पाळीव सशात ४४ गुणसूत्रं असतात आणि रानसशात ४८, ती वेगळीच प्रजाती आहे. शिवाय रानससा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पकडणंच गुन्हा.

बांधा डोळ्यांनी नाही, हाताने बघा

वजन वाढलं म्हणजे बांधा सुधारला असं नाही. लांबच लांब, हाडाचा, मधे खपाटीला गेलेला ससा चार किलो भरतो, पण कापल्यावर हाड जास्त निघतं. आपल्याला हवा तो आखूड, खोल, भरलेला ससा.

टेबलावर बारदान अंथरा म्हणजे पाय घसरत नाहीत. सशाला बसवून पुढचे पंजे डोळ्यांच्या बरोबर खाली आणि मागचे पाय पोटाखाली सारखे घ्या, ताणूही नका आणि आवळूही नका. तो शांत होईपर्यंत थांबा. आता मानेच्या मागून शेपटीपर्यंत तळवा सावकाश फिरवा. रेघ खांद्यापासून हळूहळू वर चढली पाहिजे, कंबरेच्या पुढे पुठ्ठ्यांच्या वर सर्वांत उंच आली पाहिजे आणि मग गोलाईने शेपटीकडे उतरली पाहिजे. हात मध्येच खड्ड्यात पडला, किंवा पुठ्ठ्यांवरून एकदम कड्यावरून पडल्यासारखा खाली गेला, तर दोष आहे. मग अंगठा आणि बोटांनी कंबर धरा. मांस पाठकण्याच्या दोन्ही बाजूंनी कण्याच्या बरोबरीने किंवा वर आलेलं असावं. कणा करवतीसारखा लागला तर नापास. शेवटी दोन्ही तळवे पुठ्ठ्यांवर ठेवा आणि तसेच खांद्यांवर आणा. पुठ्ठे खांद्यांपेक्षा किंचित रुंद असावेत, जेवढी रुंदी तेवढीच खोली असावी, आणि पुठ्ठे खालीही भरलेले असावेत. बैल पारखणाऱ्या जुन्या माणसांना हे एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

दोन भावंडं शेजारी शेजारी बसवली की फरक लगेच हाताला येतो. माझ्याकडच्या एका वेतातल्या दोन माद्यांची वजनं जवळपास सारखी होती. एकीचे खांदे भरलेले वाटत होते, पण बोटांनी चिमटीत धरलं तर खांद्यामागे ढिली चरबी आणि गळ्याखाली मोठी पोळी. दुसरीच्या अंगावर कुठेच काही लोंबत नव्हतं, कंबरेचं मांस मात्र कणकेच्या घट्ट गोळ्यासारखं. दुसरी ठेवली. तिच्या मुलींच्या कंबरा आज माझ्या कळपात सगळ्यात चांगल्या आहेत.

ही पारख दोनदा करा. एकदा आठ ते दहा आठवड्यांना आणि पुन्हा पाच महिन्यांच्या सुमारास, फळवण्याच्या आधी. मधल्या काळात, तीन-चार महिन्यांच्या वयात, ससा लांबुडका आणि बेढब दिसतो. त्या वयात घाईने कुणाला काढू नका. पहिल्या पारखीत चांगला असलेला ससा बहुधा पाच महिन्यांना परत आकारात येतो.

जोडी लावताना एकच दोष दोघांत नको. अरुंद खांद्याच्या मादीला भरलेल्या खांद्याचा नर द्या. मात्र लांब सशाला फार आखूड ससा देऊन मधला निघेल असं धरून चालू नका, पिल्लांत काही लांब तर काही आखूड निघू शकतात. दोष असलेल्याला निर्दोष जोडीदार, हा नियम बरा. वाकडे दात, आत वळलेले मागचे गुडघे, सतत वाहतं नाक, हे असलेला ससा वजनाला पाच किलो असला तरी पैदाशीत नको.

बाहेरचा नर आणायचाच असेल तर

वर सांगितलेलं सगळं एक-दोन हिवाळे केलं आणि तरी वजन हलत नाही, किंवा कळपात नात्याबाहेरचं कुणी उरलंच नाही, तर बाहेरचं रक्त लागेल. त्याच जातीचा नर आणा. जायंटचा नर आणून न्यूझीलंड व्हाइट माद्यांना दिला तर पहिली पिढी मोठी निघते आणि सगळे खूश होतात. त्या पिढीची आपसात पैदास केली की कुणी मोठं, कुणी लहान, कुणी लांब, असा विस्कोट होतो, हाड जाड होतं आणि कंबर जाते. ज्याला हा मार्ग घ्यायचाच आहे त्याने संकराच्या चांगल्या मुली निवडून त्यांना पुढच्या दोन पिढ्या चांगल्या बांध्याचे न्यूझीलंड व्हाइट नरच द्यावेत.

राजस्थानात अविकानगर इथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, तिथे सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, न्यूझीलंड व्हाइट या जातींवर उष्ण, कोरड्या हवेत काम झालंय. तिचंच दक्षिणेतलं केंद्र कोडाईकनालजवळ मन्नावनूरला आहे, तिथली हवा थंड. थंड डोंगरातलं जनावर आणायचं तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच आणा, म्हणजे त्याला उन्हाळ्यापूर्वी सवयीला वेळ मिळतो. कृषी विज्ञान केंद्रात किंवा पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरांकडे चौकशी करून मगच पैसे द्या. पिल्लं परत विकत घेण्याची हमी देणाऱ्या माणसाकडून पैदाशीचा नर घेऊ नये असं माझं मत आहे. त्याचा धंदा जनावरं खपवण्याचा असतो, आणि नोंदी विचारल्या की विषय बदलतो.

नर बघताना त्याच्यापेक्षा त्याची भावंडं आणि आई बघायला मागा. एकटा मोठा ससा लहान वेतातला असू शकतो. आणल्यावर किमान तीन आठवडे वेगळ्या जागेत ठेवा, त्याला चारा-पाणी सगळ्यात शेवटी द्या. मग त्याला चार-पाच माद्या आणि जुन्या नराला तेवढ्याच माद्या त्याच आठवड्यात द्या. दोघांच्या पिल्लांची बाराव्या आठवड्याची वजनं आणि कंबरा शेजारी ठेवून बघा. नव्याची पिल्लं सरस निघाली तरच त्याला कळपात जागा.

किती मोठं करायचं हेही ठरवून घ्या. अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या प्रमाणात न्यूझीलंडचा मोठा नर ९ ते ११ पौंडांचा आणि मादी १० ते १२ पौंडांची, म्हणजे साधारण चार ते साडेपाच किलो. ती जात अमेरिकेतच घडली, नाव काहीही असो. तिथल्या वरच्या आकड्यामागे आपण धावू नये. शरीर जितकं मोठं तितकी उष्णता बाहेर टाकणं अवघड, आणि मे महिन्यात सगळ्यात आधी माझ्याकडे धापा टाकतात त्या सगळ्यात जड माद्या. चार किलोच्या आसपासचा, भरल्या कंबरेचा, वर्षाला पाच वेतं नीट वाढवणारा ससा खान्देशात मला पाच किलोच्या सशापेक्षा मोलाचा वाटतो.

वजन वाढायला लागलं की एक नवीन त्रास सुरू होतो, तो आधीच सांगून ठेवतो. जड सशाच्या मागच्या तळपायाचे केस जाळीवर घासून जातात आणि तिथे जखम होते. ससा पुढे सरकून बसतो, खाणं कमी करतो, वजन उतरतं आणि आपण पुन्हा जातीला नावं ठेवतो. निवड करतानाच तळपाय उलटून बघा आणि दाट केसांचे ठेवा. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात वीतभर रुंदीचा शहाबादी फरशीचा तुकडा टाका. ससा त्यावर बसतो, पायाला आराम मिळतो आणि उन्हाळ्यात पोटाला गारवाही. तुकडे दोन ठेवा, रोज सकाळी एक काढून धुवून उन्हात वाळवा आणि दुसरा आत टाका, कारण मुताने ओली राहिलेली फरशी जाळीपेक्षा वाईट.